वाकड्या दातांची लाल अळी: गाळातल्या किड्यांतली व्यंगं आणि त्यांची कारणं कशी शोधायची

इंदूरला संध्याकाळी नदीकाठच्या दिव्यांभोवती बारीक किड्यांचा जो ढग घोंगावतो, त्याला आमच्या रामबागेत सगळे सरसकट डास म्हणतात. त्यातले बरेचसे डास नव्हेतच. ते चावत नाहीत. पंख फुटल्यावर जेमतेम काही दिवस जगतात, पाण्यावर अंडी घालतात आणि संपतात. शास्त्रात त्यांना कायरोनोमिड म्हणतात. त्यांचं खरं आयुष्य जातं ते अळीच्या रूपात, तळाच्या गाळात. मत्स्यालयाच्या दुकानात माशांचं खाणं म्हणून जो लाल ब्लडवर्म मिळतो, तो हाच.

या अळीच्या तोंडात दातांची एक पट्टी असते. पाण्यात किंवा गाळात काही विषारी असेल तर हे दात वेडेवाकडे येतात: एखादा गायब, एखादा दुभंगलेला, दोन चिकटलेले. म्हणून जगभर या दातांकडे पाहून तळ्यांची आणि नद्यांची तब्येत तपासली जाते. मी बरीच वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि आता हिवाळ्यात हौशी मुलांना घेऊन गाळ चाळते. हे काम बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला, शाळेतल्या शिक्षकाला, तळ्यासाठी धडपडणाऱ्या एखाद्या गटालाही जमण्यासारखं आहे. साधा मायक्रोस्कोप, चाळणी आणि भरपूर चिकाटी एवढं लागतं.

पण वाकडा दात दिसला की "पाण्यात विष आहे" असं बोलून टाकायची घाई होते. मलाही झाली होती. पहिल्याच वर्षी आम्ही एका पुलाखालच्या खरखरीत गाळातून अळ्या काढल्या, पाचातल्या एकीचे दात बिघडलेले दिसले, आणि मी चार लोकांत ते सांगूनही टाकलं. पुढच्या वर्षी त्याच स्लाइड पुन्हा पाहिल्या. बहुतेक दात बिघडलेले नव्हते, वाळूच्या कणांवर घासून झिजलेले होते. ज्यांना सांगितलं होतं त्यांच्याकडे परत जाऊन चूक कबूल केली. या लेखात झीज आणि व्यंग यांतल्या फरकावर आणि तुलनेच्या जागेवर मी इतका वेळ घालवणार आहे, त्याचं कारण ते.

आधी निरोगी तोंड ओळखा

कायरोनोमिडांपैकी कायरोनोमस या जातकुळीची पूर्ण वाढलेली अळी एक ते अडीच सेंटिमीटर लांब असते. अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे लालभडक. त्याच हिमोग्लोबिनच्या जोरावर ती ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या गाळातही तग धरते. डोकं लहान, तपकिरी, कडक कवचाचं. शेपटीच्या जरा अलीकडे पोटाखाली बोटांसारख्या नळ्यांच्या दोन जोड्या लोंबत असतात.

डोकं उताणं ठेवून पाहिलं की खालच्या बाजूला गडद रंगाची दातेरी पट्टी दिसते. तिला मेंटम म्हणतात. कायरोनोमसमध्ये मधला दात तीन टोकांचा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा दात. तीन टोकं वेगळी मोजली तर एकूण १५. बाजूच्या दातांपैकी चौथा दात शेजाऱ्यांपेक्षा बुटका असणं अनेक प्रजातींत अगदी नेहमीचं असतं. नवशिके हमखास त्यालाच व्यंग समजतात. म्हणून पहिल्या दिवशी व्यंग शोधूच नका. वीस-पंचवीस डोकी नुसती पाहा, वहीत काढा, दात मोजा. डोळ्याला निरोगी पट्टीची सवय झाली की बिघडलेली आपोआप खटकते.

मेंटमच्या बाजूंना जबड्यांची जोडी असते. प्रत्येक जबड्याला शेंड्याचा एक मोठा दात आणि आतल्या कडेला तीन दात असतात, शिवाय पाठीकडे एक फिकट दात. मिशाही पाहता येतात. कॅनडात वॉर्विक यांनी १९८० च्या दशकात प्रोक्लाडियससारख्या शिकारी अळ्यांच्या मिशांतली व्यंगंही मोजली. पण सुरुवात मेंटमपासूनच करा. तो सपाट असतो, गडद असतो आणि जगातली बहुतेक आकडेवारी त्याचीच आहे.

दात वाकडे का येतात

कारण समजायचं तर कात टाकणं समजलं पाहिजे. ही अळी चार अवस्थांतून वाढते आणि दर अवस्थेनंतर कात टाकते. कात टाकताना जुने दात दुरुस्त होत नाहीत. जुन्या कवचाच्या आत त्वचेच्या पेशी अख्खी नवी दंतपट्टी घडवतात. ती आधी मऊ आणि फिकट असते, मग कायटिन (किड्यांच्या कवचाचा मूळ पदार्थ) आणि प्रथिनं आवळून बसतात आणि ती गडद, कडक होते. हे सगळं एकडायसोन नावाच्या हार्मोनच्या इशाऱ्यावर, ठरल्या क्रमाने चालतं. त्या काळात पेशींच्या कामात किंवा हार्मोनच्या इशाऱ्यात गडबड झाली की दात जसा असेल तसा कडक होतो आणि पुढच्या कातेपर्यंत तसाच राहतो.

यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. चौथ्या अवस्थेतल्या अळीचा मेंटम तिसरी अवस्था संपत असताना घडलेला असतो. उबदार पाण्यात या अळीचं अंड्यापासून पंखांपर्यंतचं आयुष्य महिन्याभराच्या आतबाहेर उरकतं. म्हणजे आज हातात असलेला वाकडा दात साधारण गेल्या काही आठवड्यांबद्दल बोलतोय. गेल्या वर्षी कोणी काही ओतलं होतं का, याचं उत्तर त्या दाताकडे मागू नका. ते विष गाळात अजून टिकून असेल, तरच गोष्ट वेगळी.

आता गडबड करतं कोण? पहिला संशय जड धातूंवर जातो: शिसं, तांबं, कॅडमियम, जस्त, पारा. हे धातू पाण्यात फार वेळ तरंगत नाहीत, मातीच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात, आणि ही अळी नेमका तोच गाळ गिळून जगते. मुलामा देण्याचं काम, बॅटऱ्यांची मोडतोड, रंग, रस्त्यावरून वाहून येणारी धूळ, हे धातूंचे नेहमीचे रस्ते. विसर्जनाच्या मूर्तींवरच्या काही रासायनिक रंगांतही शिसं आणि क्रोमियम सापडलेलं आहे. आपल्या घरचा गणपती शाडूचा आणि साध्या रंगांचा असावा, हे मी दरवर्षी सांगते ते नुसत्या श्रद्धेपोटी नाही.

दुसरा गट कीटकनाशकांचा. माळव्यात पावसाळ्यात सोयाबीनवर फवारणी होते आणि पहिल्या मोठ्या सरीबरोबर त्यातलं काही ओढ्यांत उतरतं. पण शहरात एक वेगळाच प्रकार लक्षात ठेवायला हवा, तो म्हणजे डासांच्या अळ्या मारायची औषधं. त्यातलं डायफ्लुबेन्झुरॉन कायटिन तयार होण्याच्या कामातच अडथळा आणतं आणि पायरीप्रॉक्सिफेन अळीच्या वाढीच्या हार्मोनची नक्कल करतं. दोन्ही डासांसाठी बनवलेली आहेत, पण कायरोनोमिड डासांचे जवळचे नातलग. म्हणून गाळ काढायच्या आधी त्या नाल्यावर किंवा डबक्यावर महिन्याभरात फवारणी झाली का, हे वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांना विचारून तारखेसकट लिहून ठेवा. ते सांगतात, फक्त आपण विचारलं पाहिजे.

तिसरा गट डांबर, जळकं तेल आणि कोळशाच्या धुरातून येणाऱ्या वलयी हायड्रोकार्बनचा. चौथा, नोनिलफिनॉलसारख्या रसायनांचा. काही औद्योगिक धुलाई-द्रव्यं कुजताना ते तयार होतं आणि हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतं.

एवढं वाचून वाटेल की वाकडा दात म्हणजे विष, हे ठरलंच. तसं नाही. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुळात वाढवलेल्या अळ्यांत स्वच्छ पाण्यातही व्यंगं दिसतात, कारण जवळच्या नात्यात वीण झाल्यावर दोष साठत जातात. एखाद्या एकट्या पडलेल्या डबक्यातही असं होऊ शकतं. शिवाय विष दुप्पट केलं की व्यंगं दुप्पट होतात, असं सरळ गणित प्रयोगांत नेहमी निघालेलं नाही. विष फार झालं की बिघडलेल्या अळ्या आधी मरतात आणि मोजायला धडधाकटच उरतात. मर्मिथिड जातीचे परजीवी दोरेकृमी शरीरात घुसले तर पुढे नर-मादी दोन्हींची लक्षणं असलेले विचित्र प्रौढ बाहेर पडतात; त्याचाही पाण्याच्या विषाशी संबंध नसतो. अळीच्या अंगात वेटोळं घातलेला पांढरा दोरा दिसला तर ती अळी मोजणीतून बाजूला काढा आणि नोंद करा.

नुसत्या मैल्याचं काय? सांडपाण्याने ही अळी मरत नाही, उलट फोफावते. मैला वाढला की अळ्यांची संख्या वाढते, व्यंगांचं प्रमाण मात्र त्या मानाने थोडंच चढतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या ओढ्यांवर काम करताना लेनाट यांनी १९९३ मध्ये हाच भेद मांडला: विषारी सांडपाणी आणि नुसतं सेंद्रिय सांडपाणी यांना मेंटमच्या व्यंगांवरून वेगळं करता येतं. इंदूरसारख्या शहरात मला या पद्धतीचं मोल वाटतं ते इथेच. नदी घाण आहे हे सांगायला नाक पुरतं. त्या घाणीत आणखी काही मिसळलंय का, हे नाक सांगू शकत नाही.

जागा निवडणं

खान नदी, जिला आता सरकारी कागदांत कान्ह म्हणतात, शहराच्या दक्षिणेकडून येते, शहरात तिला सरस्वती मिळते, मग ती सांवेर रोडच्या औद्योगिक भागाकडून उत्तरेला जाऊन उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. म्हणजे निवड सोपी वाटते: शहराच्या वर एक जागा, शहरात एक, शहराच्या खाली एक.

पण अडचण आहे. शहराच्या वरच्या स्वच्छ, वाहत्या भागात कायरोनोमस सापडतच नाही किंवा दहा-वीस सापडतात, आणि तेवढ्यांवर काही बोलता येत नाही. तुलनेसाठी स्वच्छ पाणी शोधत बसू नका. विष नसलेलं पण खतावलेलं पाणी शोधा. गुरं बसतात असा खेड्यातला तलाव, ज्याच्या वर कारखाना नाही आणि जवळ फवारणीचं शेत नाही. शेण-मूत पडून तिथला गाळ काळा असतो आणि लाल अळ्या भरपूर असतात. अशा दोन-तीन जागा धरा, एकीवर विसंबू नका. इंदूरच्या पश्चिमेला सिरपूर तलाव आहे आणि जरा पुढे गंभीर नदीवरचा यशवंत सागर. दोन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आले. तिथे गाळ काढायचा तर आधी लेखी परवानगी घ्या. पक्षी विणीला बसलेले असताना तर काठावर जाऊच नका.

गाळाचा पोतही जुळला पाहिजे. एका जागी चिकणमाती आणि दुसरीकडे भरड वाळू असेल तर दातांची झीज वेगळी होते आणि तुलना फसते. माझी चूक नेमकी इथे झाली होती.

वेळ दिवाळीनंतरची, मध्य नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात पूर गाळ आणि अळ्या दोन्ही धुऊन नेतो. सगळ्या जागांचा गाळ एकाच आठवड्यात काढा.

गाळ काढणं आणि अळ्या वेचणं

गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालूनच उतरा. हातापायाला जखम असेल तर त्या दिवशी काठावर बसून नोंदी करा. नाल्याच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. एकट्याने उतरू नका.

वरचा पाचेक सेंटिमीटरचा थर पुरतो, अळ्या बहुतेक तिथेच नळ्या करून राहतात. दांड्याची घमेली किंवा साधं डबडं चालतं. एका जागी दहा-पंधरा पावलांच्या अंतराने पाच-सहा ठिकाणचा गाळ घ्या, नाहीतर एकाच मादीची पिल्लं मोजली जातील. एक मादी शेकडो अंडी एकाच चिकट गोळ्यात घालते, आणि भावंडांची व्यंगं सारखी असू शकतात.

गाळ बादलीत पाण्यात कालवून अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून गाळा. पिठाची साधी चाळणी भरड असते. लॅबच्या सामानाच्या दुकानात ५०० मायक्रॉनची मिळते. लहान अवस्थाही हव्या असतील तर २५० ची घ्या. चाळणीत उरलेलं पांढऱ्या ट्रेमध्ये ओता आणि थांबा. मिनिटभरात लाल दोरे आठाच्या आकारात वळवळायला लागतात.

कचरा फार असेल तर साखर मदतीला येते. एक लिटर पाण्यात साधारण ३५० ग्रॅम साखर विरघळवून ते ट्रेमध्ये ओता. जड गाळ खाली राहतो आणि अळ्या वर तरंगतात. पाच मिनिटांच्या आत वेचून साध्या पाण्यात धुवा. आमच्या घरी हे काम जेवणाच्या टेबलावर चालतं. माझी भाची पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाली, "मावशी, अगं हा तर पाकच झाला!" आणि खरंच, बोटं चिकटायला लागली की समजावं पाण्याची घनता बरोबर जमलीय.

वेचतानाच रंग, आकार, पोटाखालच्या नळ्या यांची नोंद करा, कारण अल्कोहोलमध्ये लाल रंग उतरतो आणि नंतर सगळ्या अळ्या सारख्याच पांढुरक्या दिसतात. साठवायला ७० ते ८० टक्के इथेनॉल घ्या. दुसऱ्या दिवशी ते एकदा बदला, कारण अळ्यांच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होतं. फॉर्मॅलिन घरात आणू नका.

डोकं काढून स्लाइड करणं

आता सावकाशीचं काम. बारीक सुईने किंवा ब्लेडच्या टोकाने डोकं धडापासून वेगळं करा. धड फेकू नका, त्याच क्रमांकाच्या बाटलीत ठेवा. जातकुळीबद्दल शंका आली तर तेच उपयोगी पडतं.

डोकी १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) घाला. रात्रभर थंडच ठेवा, किंवा गरम पाण्यात भांडं ठेवून पंधरा-वीस मिनिटं. उकळू नका. आतले स्नायू विरघळून कवच पारदर्शक झालं की झालं. जास्त वेळ ठेवलं तर दातही फिके पडतात आणि कडा दिसेनाशा होतात. द्रावण करताना पोटॅश पाण्यात घालायचा, पाणी पोटॅशवर ओतायचं नाही, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. शाळेतल्या मुलांकडून ही एक पायरी करवून घेऊ नका, स्वतः करा.

मग दोनदा पाण्यात धुवून डोकं ग्लिसरीनच्या थेंबात स्लाइडवर ठेवा. घशाची बाजू वर, म्हणजे मेंटम तुमच्याकडे तोंड करून. कव्हरस्लिप ठेवून सुईच्या मागच्या टोकाने अगदी हळू दाबा. डोकं जरा चपटं होतं आणि सगळे दात एका पातळीत येतात. इथे हात घाई करतो आणि डोकं कलंडतं. कलंडलेल्या डोक्यात एका बाजूचे दात लहान दिसतात आणि ते व्यंग वाटतं. कलंडलं तर कव्हरस्लिप उचलून पुन्हा बसवा. कायम टिकणारी स्लाइड हवी तर डोकं अल्कोहोलमधून नेऊन युपॅरल या घट्ट होणाऱ्या राळेत बसवा.

फक्त चौथ्या अवस्थेतल्या अळ्या मोजा. अवस्था ठरवायला डोक्याची रुंदी मोजून आलेख काढा. ठिपक्यांचे वेगवेगळे पुंजके पडतात आणि सगळ्यांत मोठ्या डोक्यांचा पुंजका चौथ्या अवस्थेचा. पुस्तकातला आकडा उसना घेऊ नका, प्रजातीनुसार तो बदलतो.

झिजलेला, मोडलेला की बिघडलेला

१०० पट मोठं करून पट्टी पूर्ण पाहा आणि ४०० पटीवर प्रत्येक दात. सगळं काम या एका निर्णयावर उभं आहे.

झिजलेले दात बोथट असतात आणि बहुधा दोन्ही बाजूंना सारखेच. मधला दात आणि त्याच्या शेजारचे आधी झिजतात, कारण कामाला तेच येतात. टोकं एका रेषेत कापल्यासारखी सपाट दिसतात. दातांची संख्या मात्र पूर्ण असते, खाचा मोजल्या की कळतं. मोडलेल्या दाताची कड खडबडीत, टोकदार असते, आणि मोडलेल्या जागी रंग अचानक तुटतो, जसा कपाचा टवका उडाल्यावर आतली कच्ची माती दिसते.

बिघडलेला दात वेगळा दिसतो. जिथे दात नाही तिथलीही कड गुळगुळीत, गोलसर आणि बाकी पट्टीइतकीच गडद असते, कारण ती जागा तशीच घडलेली आहे. जास्तीचा दात, दुभंगलेला दात, दोन दात एकमेकांत मिसळलेले, पट्टीच्या मधोमध गोल कडांची रुंद फट, डावीकडे सहा आणि उजवीकडे चार, ही खरी व्यंगं. मला एक स्लाइड अजून डोळ्यांसमोर आहे. मधल्या तीन टोकांच्या जागी पाच टोकं होती, सगळी कोवळ्या पानाच्या काठासारखी नेटकी, कुठेही ओरखडा नाही. ती पाहून मी बराच वेळ काही लिहिलंच नाही.

शंका आली तर तो दात "झीज" मध्ये टाका. संशयाचा फायदा पाण्याला द्यायचा, हा नियम मी स्वतःपुरता केला आहे. आणि मोजणारे दोघे असावेत. स्लाइडवर जागेचं नाव नको, नुसता क्रमांक हवा, म्हणजे "ही नाल्याची आहे, बिघडलेलीच असणार" असा ग्रह होत नाही. दोघांचं जिथे जमणार नाही तिथे मोबाइलने फोटो काढून ठेवा.

मोजणी

स्वीडनच्या तळ्यांवर काम करणाऱ्या विडरहोल्म यांनी १९८४ मध्ये लिहिलं की स्वच्छ जागी व्यंगांचं प्रमाण १ टक्क्याच्या आत आणि फार दूषित जागी ५ ते २५ टक्के होतं. हे आकडे दिशा दाखवायला चांगले, पण तिथल्या प्रजाती वेगळ्या, थंडी वेगळी. आपला पाया आपल्या गुरांच्या तलावातून आला पाहिजे.

किती अळ्या मोजायच्या? तीस मोजल्या आणि एकही बिघडलेली मिळाली नाही, तरी खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. शंभरात तीन मिळाल्या तर खरं प्रमाण साधारण अर्ध्या टक्क्यापासून साडेआठ टक्क्यांपर्यंत कुठेही असेल. समजा तलावात शंभरात २ आणि नदीत शंभरात ९ निघाल्या. फरक मोठा वाटतो, पण फिशरच्या कसोटीवर (असा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो का हे पाहणाऱ्या संख्याशास्त्रीय कसोटीवर) तो काठावरच राहतो. तेच प्रमाण तीनशे-तीनशे अळ्यांवर टिकलं, म्हणजे ६ आणि २७, तर मग बोलायला जागा आहे. म्हणून दर जागी किमान शंभर, आणि संशय आला तर तीनशे. हो, हे दोन महिन्यांचं काम आहे.

व्यंग किती गंभीर हेही लेनाट यांच्या पद्धतीने नोंदवता येतं. किरकोळ व्यंग पहिला वर्ग. दात कमी-जास्त, मोठी फट, ठळक वाकडेपणा असं एखादं लक्षण असलं की दुसरा. अशी दोन किंवा जास्त लक्षणं एकत्र आली की तिसरा. पहिल्या वर्गाला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३ गुण द्या, बेरजेला एकूण अळ्यांनी भागा आणि १०० ने गुणा. समजा शंभर अळ्यांत पहिल्या वर्गाच्या ४, दुसऱ्याच्या ३ आणि तिसऱ्याची १ निघाली. बेरीज ४ अधिक ६ अधिक ३, म्हणजे निर्देशांक १३.

कारणापर्यंत पोचणं

प्रमाण जास्त निघालं म्हणजे कारण सापडलं असं नाही. पुढची पायरी गाळाची तपासणी. तांबं, शिसं, जस्त, कॅडमियम, क्रोमियम तपासून घ्या, पण निकाल वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. माळव्याची काळी माती बेसॉल्टच्या खडकापासून झालेली आहे आणि त्यात तांबं मुळातच जास्त असतं. म्हणून नदीच्या गाळातला आकडा गुरांच्या तलावाच्या गाळाशी ताडून पाहा. दुसरं, कुजक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या काळ्या गाळात सल्फाइड असतं आणि ते धातूंना बांधून ठेवतं. धातू भरपूर आणि दात निरोगी, असं दिसलं तर हे कारण असू शकतं. तोच गाळ उपसून हवेवर पडला की धातू सुटे होतात, म्हणून नदीत गाळ काढायचं काम नुकतंच झालं असेल तर ती तारीखही लिहा.

खरा पुरावा मात्र वाढवून पाहण्यात आहे. संशयित गाळ आणि तलावाचा गाळ, दोन्ही आधी डीप फ्रीजरमध्ये दोन-तीन दिवस गोठवा, म्हणजे आतल्या जुन्या अळ्या मरतात. काचेच्या बरण्यांत दीड-दोन सेंटिमीटर गाळ आणि त्यावर चौपट उंचीचं शिळवलेलं पाणी. प्रत्येक गाळाच्या तीन बरण्या. हवेचा पंप अगदी मंद. तलावाच्या काठावरून अंड्यांचे चार-पाच चिकट गोळे आणा, वेगवेगळ्या बशीत फुटू द्या, आणि दोन-तीन दिवसांच्या पिल्लांपैकी प्रत्येक गोळ्यातली निम्मी एका गाळात, निम्मी दुसऱ्यात अशी वाटा. बरणीत वीसपेक्षा जास्त नकोत. कुळाचा दोष असेल तर तो दोन्ही गाळांत सारखा दिसेल आणि विषाचा एकातच. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेची २००४ ची २१८ क्रमांकाची चाचणी याच धर्तीवर आहे, फक्त तिथे तापमान २० अंशांवर बांधलेलं असतं. माशांचं खाणं कुटून चिमूटभर रोज, सगळीकडे सारखंच. उपाशी अळ्यांवरून काही कळत नाही. दहाव्या दिवसापासून रोज एखादी काढून अवस्था पाहा, चौथी आली की सगळ्या काढा. किती मेल्या हेही लिहा, तो आकडा व्यंगांइतकाच महत्त्वाचा. बरण्यांवर मच्छरदाणीचं कापड बांधायला विसरू नका, नाहीतर घरभर चिलटं.

इतर किडे

कॅडिस माशीच्या जाळी विणणाऱ्या अळ्यांत धातूंमुळे कल्ले काळे पडतात आणि त्यांच्या जाळीची वीणही बिघडते. चतुरांची कात काठावरच्या गवतावर सापडते, तीत पायांची, पंखांच्या पिशव्यांची व्यंगं पाहता येतात. पण चतुर मारामारीत पाय गमावतो आणि पुढच्या कातेला तो पाय आखूड येतो, तेव्हा आखूड पाय मोजू नका. खानच्या शहरातल्या भागात हे दोन्ही क्वचितच मिळतील. नदीच्या वरच्या अंगाला मात्र जरूर शोधा.

चिठ्ठ्या

प्रत्येक बाटलीत आत कागदाची चिठ्ठी टाका, शिसपेन्सिलीने लिहिलेली: जागा, तारीख, खोली, गाळाचा पोत, कोणी काढला. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. एका हिवाळ्यात आम्ही बाटल्यांवर बाहेरून मार्करने लिहिलं होतं. एक बाटली पाझरली, तिने शेजारच्या सगळ्या पुसल्या, आणि जवळपास दोनशे अळ्या कुठल्या काठाच्या हे कुणालाच सांगता येईना. भाचीने त्या फेकू दिल्या नाहीत. निरोगी मेंटम ओळखायला शिकवायच्या वेळी आता त्याच वापरतो.